रिकव्हरी सीडी नसताना जुना लॅपटॉप कसा उठवायचा

खानापूर तालुक्यातल्या एका मुलानं विचारलंय: "काका, बाबांचा २०११ सालचा लॅपटॉप आहे. विंडोज ७ होम बेसिक, दोन जीबी रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क. बाबा निवृत्त मराठी शिक्षक. गावच्या देवळाची माहिती, भजनी मंडळाचे अभंग आणि डेअरीचा कित्येक वर्षांचा हिशोब त्यातच आहे. या पावसात चार दिवस वीज येत-जात होती. तेव्हापासून चालू केला की काळ्या पडद्यावर 'बूटएमजीआर इज मिसिंग' एवढंच येतं. घेताना सीडी काही मिळाली नव्हती. दुरुस्तीवाला म्हणतो, रिकव्हरी सीडी आणा, नाहीतर फॉरमॅट मारून दुसरं विंडोज टाकतो. लॅपटॉपच्या खालचा विंडोजचा स्टिकर अर्धा पुसलाय. काय करू?"

फॉरमॅट मारू देऊ नकोस. हे उत्तर पूर्ण वाचून होईपर्यंत लॅपटॉप बंद ठेव, परत परत चालू करून बघू नकोस.

सीडी मिळाली नाही याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. रिकव्हरी सीडीचं काम एकच असतं, यंत्र दुकानातून आणल्या दिवशी होतं तसं करणं. ती असती तर दोन तासांत लॅपटॉप लखलखीत चालू झाला असता, आणि त्या पहिल्या दिवशी त्यात एकही अभंग नव्हता. बेळगावात वीस-बावीस वर्षं हे काम करतोय. सीडी नव्हती म्हणून ज्यांचं लिखाण वाचलं अशी माणसं मी बरीच बघितली आहेत.

तुझ्या लॅपटॉपमध्ये तीन गोष्टी आहेत. बाबांचं लिखाण, जे जगात दुसरीकडं कुठंच नाही. विंडोजचा परवाना, जो त्या यंत्राशीच बांधलेला आहे आणि सहजासहजी कुठं जात नाही. आणि तिसरं स्वतः विंडोज, जे अजूनही दुसरीकडून आणता येतं. बहुतेक दुकानांत काम तिसऱ्यापासून सुरू होतं. आपण पहिल्यापासून करायचं.

आधी पाच मिनिटांची तपासणी. लॅपटॉपला पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, बाहेरची डिस्क काही लावलेलं असेल तर काढ. कधीकधी यंत्र त्या पेनड्राइव्हवरून चालू व्हायला बघतं आणि हाच संदेश देतं. मग चालू करतानाच एफ २, एफ १० किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ मांडणीत जा. कंपनीप्रमाणं कळ बदलते, सुरुवातीला पडद्याच्या खालच्या कडेला क्षणभर दिसते. तिथं दोन गोष्टी बघ. हार्ड डिस्कचं नाव दिसतंय का, आणि तारीख बरोबर आहे का. तारीख काही वर्षं मागं गेली असेल तर आतला नाण्यासारखा सेल संपलाय. तो संपला की बायोसमधली मांडणी मूळपदावर जाते, कुठल्या डिस्कवरून चालू व्हायचं तो क्रम बदलतो, आणि धडधाकट विंडोजसुद्धा सापडेनासं होतं. एका शाळेचा संगणक माझ्याकडं 'विंडोज उडालं' म्हणून आला होता, तो नुसता सेल बदलून आणि क्रम लावून परत गेला. डिस्कचं नावच दिसत नसेल, किंवा कान लावल्यावर टक्-टक् असा ठेक्यात आवाज येत असेल, तर मात्र इथंच थांब. ती डिस्क डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडंच गेली पाहिजे, घरचे प्रयोग तिला सोसणार नाहीत.

डिस्क दिसतेय आणि आवाज नाही असं धरून पुढं सांगतो.

आता एका वेगळ्या चांगल्या संगणकावर लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकटच्या प्रणालीचा, पेनड्राइव्ह तयार करायचा. दोन जीबी रॅमला एमएक्स लिनक्स किंवा लुबुंटू हे तिचे हलके प्रकार झेपतात. फाइल काही जीबींची असते, आणि पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडच्या नेटवर ती उतरवत बसण्यात अर्थ नाही. बेळगावला कुणी कॉलेजला जात असेल तर त्याच्याकडून उतरवून घे. रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमनं ती पेनड्राइव्हवर चढते. पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू केला की लिनक्स नुसत्या रॅममध्ये चालतं, डिस्कला हात लावत नाही. पडद्यावर 'इन्स्टॉल' असं चित्र दिसेल, त्याला अजिबात हात लावायचा नाही.

लिनक्स चालू झालं की डिस्कची तब्येत बघ. हार्ड डिस्क स्वतःची नोंदवही ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. त्यात 'रिअलोकेटेड सेक्टर' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' असे दोन आकडे असतात. पहिला म्हणजे खराब झाल्यामुळं बदली दिलेल्या जागा, दुसरा म्हणजे डिस्कला नीट वाचता येत नसलेल्या, अजून निकाल न लागलेल्या जागा. दोन्ही शून्य असतील तर उत्तम. दुसरा शून्यापेक्षा जास्त असेल तर डिस्क आजारी आहे असं समज. अशा वेळी बरेच जण विंडोजचं डिस्क तपासणारं साधन, चेकडिस्क, चालवतात, आणि तिथंच घात होतो. चेकडिस्क फाइलींची रचना दुरुस्त करतं, म्हणजे डिस्कवर लिहितं. वाचता न येणाऱ्या फाइलींचे ते तुकडे करून ठेवतं. मरणासन्न डिस्कवर आधी ते चालवलेली किती तरी प्रकरणं माझ्याकडं आली, आणि ज्या फाइली जशाच्या तशा निघाल्या असत्या त्या अर्ध्याच हाती लागल्या. चेकडिस्क वाईट नाही, पण ते नकलेवर चालवायचं असतं, अस्सलवर नाही.

माझा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला आता येतो. जुन्या डिस्कवर काहीच करू नकोस. नवी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) घे आणि जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल तिच्यावर उतरव. ३२० जीबीची डिस्क २४० च्या एसएसडीवर अशा पद्धतीनं मावत नाही, कारण नक्कल रिकाम्या जागेसकट होते. म्हणून ४८० किंवा ५०० जीबीची घे. लॅपटॉपची जुनी डिस्क अडीच इंची, साटा नावाच्या जोडणीची असते आणि एसएसडीही त्याच मापाची मिळते. दोन-चार स्क्रू आणि एक खाच, एवढंच काम. एसएसडी आधी यूएसबी केबलच्या जोडणीनं बाहेरून लावायची, लिनक्समधून नक्कल करायची, मग दोन्हींची जागा बदलायची.

नकलेसाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हा लिनक्समधला प्रोग्रॅम वापर. साधी कॉपी खराब जागेवर अडकली की तिथंच डोकं आपटत बसते आणि डिस्क आणखी बिघडते. डीडीरेस्क्यू अडलेली जागा वगळून पुढं जातं, आधी चांगला भाग सगळा उचलतं आणि मग उरलेल्या जागांकडं परत येतं. कुठं काय राहिलं याची नोंद ते एका वेगळ्या फाइलीत ठेवतं. त्यामुळं मध्येच वीज गेली तरी जिथं थांबलं तिथून पुढं चालू करता येतं, आणि आपल्या भागात ही सोय लाखमोलाची आहे. मात्र ती नोंदफाइल दुसऱ्या एखाद्या पेनड्राइव्हवर ठेव. लिनक्स रॅममध्येच चालतंय, वीज गेली की तिथलं सगळं जातं. कमांड देताना आधी मूळ डिस्क, मग नवी, असा क्रम असतो. उलटा दिलास तर कोरी एसएसडी बाबांच्या लिखाणावर उतरेल. कुठली डिस्क कुठली हे आकारावरून ओळख, कागदावर लिहून ठेव, आणि एंटर दाबण्याआधी घरातल्या दुसऱ्या माणसाला तो कागद वाचायला लाव. मी दुकानात आजही असंच करतो.

नक्कल झाली की जुनी डिस्क कागदात गुंडाळून, वर तारीख लिहून, कोरड्या डब्यात ठेव. पुढचं सगळं एसएसडीवर. तिथं काहीही चुकलं तरी पुन्हा नक्कल करता येते.

आता बूटएमजीआरचं. हा संदेश आला म्हणजे विंडोज गेलं असं नाही. विंडोज चालू करून देणारी बूटएमजीआर नावाची छोटी फाइल सापडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. विंडोज ७ मध्ये ती बहुतेक वेळा सुमारे १०० एमबीच्या एका लहान विभागात (पार्टिशनमध्ये) असते, आणि त्या विभागावर 'अ‍ॅक्टिव्ह' अशी खूण असावी लागते. खूण हलली, फाइल बिघडली किंवा तेवढीच जागा डिस्कवर खराब झाली की हा संदेश येतो. वीज येत-जात असताना, आणि बॅटरी मेलेली असताना, लिहिण्याच्या मध्येच यंत्र बंद पडलं तर असं होऊ शकतं.

यासाठी रिकव्हरी सीडी लागत नाही, रिपेअर डिस्क लागते, आणि ती फुकट तयार होते. गावात, शाळेत, पतसंस्थेत कुणाकडं विंडोज ७ चा चालू संगणक असेल तर त्याच्या स्टार्ट मेन्यूत 'मेंटेनन्स' खाली 'क्रिएट अ सिस्टम रिपेअर डिस्क' असतं. कोरी सीडी घातली की काही मिनिटांत डिस्क तयार. कुठल्याही कंपनीच्या यंत्राची चालते, फक्त ३२ बिटला ३२ आणि ६४ ला ६४ असं जुळायला हवं. ती घालून 'स्टार्टअप रिपेअर' चालव. एकदा चालवून न जमल्यास सोडू नकोस, लागोपाठ तीनदा चालव. एका फेरीत ते एकच दोष दुरुस्त करतं असं बऱ्याच वेळा दिसतं. तरीही जमलं नाही तर त्याच डिस्कमधल्या कमांड प्रॉम्प्टमधून (आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीतून) डिस्कपार्टनं योग्य विभागाला अ‍ॅक्टिव्ह कर आणि मग बूटरेकच्या 'फिक्सबूट' आणि 'रिबिल्डबीसीडी' या कमांड दे. तिथं सी ड्राइव्ह म्हणजे नेहमीचा सी असेलच असं नाही. दुरुस्तीच्या वातावरणात अक्षरं सरकतात, विंडोज डी वर दिसू शकतं. आधी फोल्डरांची यादी काढून बघायची. सीडी ड्राइव्ह चालत नसेल तर विंडोज १० च्या पेनड्राइव्हमधूनही या कमांड देता येतात.

'फिक्सएमबीआर' मी मुद्दाम मागं ठेवली. ती डिस्कच्या पहिल्याच जागेवर विंडोजचा साधा कोड लिहिते. काही कंपन्या तिथं स्वतःचा कोड ठेवतात, ज्याच्यामुळं रिकव्हरीची कळ चालते. ती कमांड दिली की कळ मुकी होते. म्हणून सगळ्यात शेवटी.

माझा अंदाज आहे की तुझं काम इथंच होईल. विंडोज उठेल, आणि नवीन नाही तर तेच जुनं. बाबांच्या फाइली, फॉन्ट, हिशोबाचं पॅकेज, परवाना, सगळं जागेवर, आणि एसएसडीमुळं आधीपेक्षा कितीतरी चपळ. चालू होऊन लगेच विंडोज कोसळल्याचा निळा पडदा आला तर आणखी एक उपाय आहे. विंडोज ७ आपल्या रजिस्ट्रीची, म्हणजे सगळ्या मांडणीच्या नोंदवहीची, प्रत 'सिस्टम ३२' मधल्या 'कॉन्फिग' फोल्डरात 'रेगबॅक' नावानं ठेवतं. रजिस्ट्री बिघडली असेल तर ती प्रत वर आणून ठेवली की कित्येक यंत्रं उठतात. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून ही प्रत आपोआप ठेवणं बंद झालं, म्हणून नव्या पोरांना ही युक्ती माहीत नसते.

आता इथं जरा थांबून फॉन्टविषयी सांगतो, कारण आपल्या भागात डेटा वाचवूनही लिखाण जातं ते याच्यामुळं.

बाबा २०११ पासून मराठी लिहिताहेत म्हणजे बहुधा श्रीलिपी, आयएसएम किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहीत असणार. या फॉन्टांची युक्ती अशी की फाइलीत मराठी अक्षर नसतंच. आत इंग्रजी अक्षरांचे आकडे असतात आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार दाखवतो. फॉन्ट गेला की अभंगाच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांची खिचडी दिसते, आणि माणसाला वाटतं फाइल खराब झाली. फाइल चांगली असते, तिचा चष्मा हरवलेला असतो. सरकारी कामासाठी जुनं नुडी हे कन्नड लिहायचं पॅकेज वापरलं असेल तर त्याचंही तेच.

निपाणीच्या एका छापखान्याचा संगणक मी पूर्वी नवा करून दिला होता. लग्नपत्रिका एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड अशा छापणारा तो माणूस. मी फाइली सगळ्या वाचवल्या, फॉन्ट वाचवले नाहीत. वाटलं, नंतर टाकता येतील. टाकले ते त्याच नावाचे पण नव्या आवृत्तीचे निघाले आणि काही जोडाक्षरांच्या जागा बदललेल्या. वरवर सगळं बरोबर दिसायचं, पण मध्येच एखाद्या नावातला 'त्र' नाहीतर 'ज्ञ' वेगळाच उमटायचा. ऐन लग्नसराईत त्याला प्रत्येक जुनी पत्रिका अक्षर-अक्षर तपासावी लागली. त्या माणसाला झालेला त्रास मी विसरलेलो नाही. तेव्हापासून माझ्या दुकानात पहिली कॉपी विंडोजमधल्या 'फॉन्ट्स' फोल्डरची होते, मग बाकीची.

म्हणून नक्कल करत असशील किंवा नसशील, फॉन्ट्स फोल्डर पूर्ण वेगळा काढून ठेव. त्या मराठी पॅकेजचा फोल्डरही जसाच्या तसा घे. ते पॅकेज यूएसबीच्या किंवा जुन्या प्रिंटर पोर्टच्या लॉकवर (जे लावल्याशिवाय पॅकेज उघडत नाही) चालत असेल तर ते बोटभर लॉक शोधून काढ, नाहीतर कुणीतरी पेनड्राइव्ह समजून टाकून देईल. टॅलीचा हिशोब असेल तर त्याच्या 'डेटा' फोल्डरात आकड्यांच्या नावाचे फोल्डर असतात, ते सगळे घे. नुसत्या आकड्यांमुळं लोकांना ते निरुपयोगी वाटतात. फाइली कुठं ठेवल्यात हे बाबांना विचार. आपली जुनी माणसं फार वेळा डेस्कटॉपवर किंवा थेट सी ड्राइव्हच्या मुळाशी ठेवतात, 'माय डॉक्युमेंट्स' बघून हात हलवत परत यायचं नाही.

लॅपटॉप उठला की त्याच आठवड्यात एक काम कर. बाबांची प्रत्येक फाइल उघडून पीडीएफ बनव. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधला जातो, मग ती कुठल्याही मोबाइलवर बरोबर दिसते. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनं आहेत, ती जरूर वापर, पण रफार, जोडाक्षरं आणि पोटफोड्या अक्षरांत ती चुकतात. अभंगात एक मात्रा सरकली तर चाल बिघडते. बाबा स्वतः शिक्षक आहेत, रूपांतर त्यांच्याकडूनच तपासून घे आणि मूळ फाइल पुसू नकोस.

आता समज दुरुस्ती झालीच नाही, तर पुढच्या वाटा.

सीडी मिळाली नाही याचं कारण असं की त्या काळात बऱ्याच कंपन्यांनी सीडी देणं बंद करून डिस्कवरच एक विभाग राखून ठेवायला सुरुवात केली होती, साधारण दहा ते वीस जीबींचा. त्यातून सीडी आपली आपण लिहून ठेवायची असायची, पण ते कुणी सांगितलंच नाही. ज्या थोड्यांनी लिहिल्या त्यांच्यातल्याही काही आपल्या पावसाळी हवेत बुरशीचे डाग पडून गेल्या. नकलेत तो विभाग आलेला असणार. तू कंपनी लिहिली नाहीस, म्हणून नेहमीच्या कळा सांगतो. एचपीला एफ ११, एसरला ऑल्ट आणि एफ १०, आसुसला एफ ९, सॅमसंगला एफ ४, तोशिबाला चालू करताना शून्य दाबून धरायचा, डेलच्या विंडोज ७ यंत्रांना एफ ८ दाबून 'रिपेअर युवर कॉम्प्युटर', लेनोवोच्या बऱ्याच यंत्रांना बाजूचं छोटं नोव्हो बटण. कळ चालली नाही तरी लिनक्समधून तो विभाग दिसतो का बघ. एसरमध्ये त्याचं नाव 'पीक्यूसर्व्हिस' असतं. असला तर त्याला अ‍ॅक्टिव्ह करून चालू करता येतं. पण ही वाट सी ड्राइव्ह पुसते, काही यंत्रांत अख्खी डिस्क. जुनी डिस्क डब्यात सुरक्षित आहे याची खात्री करूनच हे कर.

तो विभागही नसेल तर विंडोज ७ ची साधी डिस्क कुणाकडून तरी आण. डिस्क उसनी घेण्यात गैर काही नाही, परवाना डिस्कमध्ये नसतो, किल्लीत असतो. तुझी किल्ली स्टिकरवरची २५ अक्षरं. स्टिकरला स्पिरिट किंवा पाणी लावू नकोस. अंधारात टॉर्चचा उजेड अगदी आडवा टाक, मोबाइलनं चार-पाच फोटो काढ आणि फोटोतला काळ्या-पांढऱ्याचा फरक वाढवून बघ. बी आणि ८, जी आणि ६ यांत गल्लत होते. डिस्कवर फक्त होम प्रीमियम दिसत असेल तर 'सोर्सेस' फोल्डरातली 'ईआय' नावाची सीएफजी फाइल काढून पेनड्राइव्ह बनवला की सगळ्या आवृत्त्या निवडता येतात. तू होम बेसिकच निवड, किल्ली तिचीच आहे.

इथं एक गोंधळ होतो तो सांगून ठेवतो. जुन्या डिस्कमधून किल्ली काढणारे प्रोग्रॅम आहेत. त्यातून निघालेली किल्ली स्टिकरशी जुळत नाही. लोक म्हणतात, दुकानदारानं फसवलं. तसं नाही. मोठ्या कंपन्या कारखान्यात हजारो यंत्रांना एकच सामायिक किल्ली घालत आणि ती बायोसमधल्या एका खुणेशी, कंपनीच्या प्रमाणपत्राशी जुळली की विंडोज आपोआप मान्य व्हायचं. ती किल्ली साध्या डिस्कवर एकटी चालत नाही. स्टिकरवरची तुझ्या यंत्राची स्वतःची. विंडोज ८ पासून स्टिकर गेला आणि किल्ली बायोसमध्येच बसली, म्हणून तसल्या यंत्रांवर नवीन विंडोज टाकताना मूळचीच आवृत्ती असेल तर किल्ली विचारतही नाही.

कोरं विंडोज टाकायची वेळ आलीच तर नेटचा ड्रायव्हर (तो भाग विंडोजकडून चालवून घेणारा छोटा प्रोग्रॅम) आधी पेनड्राइव्हवर घेऊन ठेव, नाहीतर बाकीचे उतरवायला नेटच नसतं. जुन्या डिस्कमधला 'ड्रायव्हरस्टोअर' मधला 'फाइलरिपॉझिटरी' फोल्डर कॉपी केलास तर बहुतेक सगळे ड्रायव्हर त्यात मिळतात. डिव्हाइस मॅनेजरला तो फोल्डर दाखवायचा, तो आपला आपण शोधून घेतो. विंडोज ७ चे अपडेट घ्यायचे तर केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९ हे दोन आधी हातानं टाकावे लागतात. २०१९ मध्ये अपडेटवरच्या सह्यांची पद्धत बदलली, त्याशिवाय पुढचे अपडेट ते ओळखतच नाही.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांतून अजून विंडोज एक्सपीची यंत्रं येतात, जुन्या सीएनसीला (संगणकाच्या हुकुमावर धातू कापणाऱ्या यंत्राला) सीरियल पोर्टवरून प्रोग्रॅम पाठवणारी. कुणाला तसं यंत्र उठवायचं असेल तर बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयवरून आयडीई करून मगच एक्सपी टाकायचं, नाहीतर शेवटी ७ बी असलेला निळा पडदा येतो. बाकी वाट हीच.

राहिला प्रश्न, विंडोज ७ ठेवायचं का. त्याचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला संपले, क्रोम ब्राउझरही त्याच्यासाठी १०९ आवृत्तीवर थांबलं. विंडोज १० चीही नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि ११ तुझ्या यंत्राला चालत नाही. माझं मत असं की बाबांना तेच पॅकेज, तोच कीबोर्ड आणि बोटांची तीच सवय हवी असेल तर ७ ठेव, पण नेट तोडून. वायफाय बंद, फाइली पेनड्राइव्हनं, तोही प्रत्येक वेळी तपासून. बँकेचं, आधारचं, डेअरीचं ऑनलाइन काम त्याच्यावर अजिबात नको. नेटही पाहिजेच असेल तर रॅम चार जीबी कर आणि त्याच एसएसडीवर वेगळा विभाग काढून लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती शेजारी टाक. नेट तिथून, लिखाण विंडोजमधून.

आणि कुणी 'फुल व्हर्जन, सगळं अ‍ॅक्टिव्हेट करून देतो' म्हणून पेनड्राइव्ह पुढं केला तर नाही म्हण. ते तयार विंडोज आधीच फोडलेलं असतं, किल्ली मोडणारा प्रोग्रॅम चालवायला अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि आत काय बसलंय हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. त्याच यंत्रावर डेअरीच्या हिशोबात सभासदांच्या बँक खात्यांची माहिती असणार आहे. तुझ्याकडं स्वतःचा विकत घेतलेला परवाना आहे, दुसऱ्याच्या चोरीची गरज नाही.

सगळं नीट चालू झालं की क्लोनझिला नावाच्या डिस्कची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमनं त्या अवस्थेची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेव. तीच तुझी खरी रिकव्हरी सीडी, आणि हिच्यात अभंगही असतील. लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे असं दिसतंय, तर नवी बसव किंवा चार्जर यूपीएसवर लाव. नक्कल करतानाही यूपीएस जोडलेला असू दे. आणि कामाला हात घालण्याआधी बाबांना बसवून एक कागद लिहून घे: मराठी कशात लिहायचे, फॉन्टचं नाव काय, हिशोबाचं पॅकेज कुठलं, पासवर्ड कोणता, फाइली कुठं. तो कागद जुन्या डिस्कच्या डब्यातच ठेव.